ओरालिया पूल ओलांडते

सांता रुफिनात कॅमेरा येईपर्यंत कुणीच लॅटिना नसतं. एरवी आम्ही सगळ्या कुणाच्या तरी मुली, सुना, मावश्या, नाहीतर वैरिणी असतो. चार वर्षांनी निवडणूक आली की न्यूयॉर्कहून पांढरी गाडी येते, गाडीच्या डोक्यावर मोठी तबकडी असते, आणि तिच्यातून उतरलेला माणूस ओरालियाच्या पार्लरचं दार ढकलून विचारतो, "एक लॅटिना म्हणून तुम्हाला काय वाटतं?" त्या क्षणापासून दोन दिवस आम्ही लॅटिना. गाडी गेली की पुन्हा वैरिणी.

ओरालिया त्रेविन्यो माझी कोमाद्रे. तिच्या यादिराच्या बाप्तिस्म्याला पोर मी हातात धरली, म्हणून हे नातं. नवरा सुटतो, कोमाद्रे सुटत नाही. तिने तिचा नवरा पुरला, मी माझा हाकलला, आणि आम्ही दोघी अजून त्याच गॅरेजमध्ये आहोत. गॅरेजचं पार्लर तिने स्वतःच्या हिमतीवर केलं. एक खुर्ची, केस वाळवायची दोन यंत्रं, आणि कोपऱ्यात माझं नखांचं टेबल. माझं नाव नेल्डा. गावाची नखं मी घासते आणि गावाची डोकी ती रंगवते. त्यामुळे गावात कोण खरं किती वर्षांचं आहे ते आम्हा दोघींना ठाऊक आहे, आणि हे ज्यांना ठाऊक असतं त्यांच्याशी लोक जपून वागतात.

लहानपणी ओरालियाने कांदे उपटले, उन्हाळ्यात आईबापांबरोबर मिशिगनला चेरी तोडायला गेली, शाळेत स्पॅनिश बोलली म्हणून छड्या खाल्ल्या. टीव्हीवाल्यांना हे फार आवडतं. कांद्याचा विषय निघाला की त्यांचे डोळे ओले होतात. ओरालियाला कांद्याचं काही दुःख नाही. "मिशिगनला मी पहिल्यांदा एका पोराचा मुका घेतला, ते विचारा की," ती म्हणते. ते कुणी विचारत नाही.

टीव्हीवाले पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तिच्या हातात मक्याच्या पोळ्या दाबायचं लाकडी यंत्र दिलं होतं. ते त्यांनीच कुठूनतरी पैदा केलं होतं, कारण आम्ही दोघीही पोळ्या दुकानातून आणतो. ते हातात धरून ती केसांबद्दल बोलली. "रात्रीची झोप कशाने उडते तुमची?" त्या गोऱ्या माणसाने आवाज हळवा करून विचारलं. "शेजारच्या कोंबड्याने," ती म्हणाली. कोंबडा त्यांनी कापला आणि नुसता तिचा उसासा दाखवला. खरं तर तो उसासा नव्हता, तिला जांभई आली होती.

आमच्या भाषेतल्या वाहिनीवर बघावं तर हवामान सांगणारी बाई सोनेरी केसांची, अंगाला चिकटलेल्या झग्यातली, आणि उद्या ऊन पडणार एवढंच सांगायला कंबर हलवणारी. इंग्रजी वाहिनीवर आमची बाई दिसली तर ती लादी पुसत असते, नाहीतर गुंडाची बायको असते. ओरालियाचं म्हणणं असं, की एका वाहिनीचे केस मी करते आणि दुसऱ्या वाहिनीचं काम माझ्या चुलत बहिणी करतात, मग बघू कशाला? तरी बघते. मीही बघते.

आता एलिसेओचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. एलिसेओ तिचा जावई. सांता रुफिनातल्या निम्म्या घरांची छपरं त्याने घातली. एके दिवशी त्याच्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता, पोलिसाने थांबवलं, देशात राहायचे कागद नव्हते, आणि आठवडा उलटायच्या आत त्याला पुलापलीकडे, मेक्सिकोत, सोडून आले. नदी एवढीशी आहे. पाण्याच्या टाकीवर चढलं तर तो आता ज्या टायरच्या दुकानात काम करतो त्याची पाटी दिसते. यादिरा आणि तिची लेक अनाई इथेच जन्मलेल्या, त्यांना जायला-यायला कुणाची आडकाठी नाही. एक रविवार सोडून एक त्या पूल ओलांडून त्याला भेटून येतात.

ओरालिया मात्र सहा वर्षांत एकदाही गेली नाही. लग्नाच्या वेळी तिला हा मुलगा मुळीच पसंत नव्हता, फार मोठ्याने हसतो म्हणायची. पण त्याला नेलं त्या दिवशी तिने पार्लर बंद ठेवलं आणि मला म्हणाली, "तो समोरच्या दाराने येईल. मी मागच्या दाराने त्याला भेटायला जाणार नाही. चोर आहोत का आपण?" मी म्हटलं, अगं पूल आहे तो, दार नाही. पण ओरालिया एकदा अडून बसली की देवाचीही डाळ शिजत नाही.

आणि मग अनाईला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आली. आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली की किन्से होते. लग्नाला नसतो एवढा थाट असतो. चर्च, हॉल, तंबूएवढा झगा, सोबत नाचायला सुटातली पोरं. पण किन्सेचा जीव एका गोष्टीत असतो. बाप गुडघ्यावर बसून मुलीच्या पायातले सपाट जोडे काढतो, उंच टाचांचे घालतो, आणि मग तिच्याबरोबर पहिला नाच नाचतो. बाप नसेल तर मामा करतो, काका करतो.

"मामा-काका नकोत," ओरालिया म्हणाली. "बाप जिवंत आहे. इथून दिसतो. एका संध्याकाळपुरता त्याला अलीकडे आणायचा."

"कसा आणणार?" मी विचारलं.

"माद्रिना बघायची."

इथे जरा ऐका, कारण ही चूक फक्त आमचीच माणसं करू शकतात. किन्सेचा खर्च आमच्याकडे घरचे एकटे करत नाहीत. प्रत्येक गोष्टीला एक पाद्रिनो असतो, बाई असेल तर माद्रिना. मुकुटाची माद्रिना, वाजंत्रीचा पाद्रिनो, फुलांची माद्रिना. त्यांनी भार उचलायचा आणि बदल्यात पत्रिकेत नाव छापून घ्यायचं. ओरालियाचा हिशेब सरळ होता. मुकुटाला माद्रिना मिळते, तर परवानगीला का नाही? मी म्हटलं, बाई, परवानगी म्हणजे काही फुलांची ऑर्डर नाही. ती म्हणाली, तू नखं घास.

तिची काम करून घ्यायची पद्धत सगळ्या गावाला माहीत आहे आणि तरी सगळे सापडतात. डोक्याला रंग लावला की बाई हलू शकत नाही. डोक्यावर पिशवी, गळ्यात टॉवेल, कानावर चिखल. अशा अवस्थेत उठून रस्त्यावर जाणारी बाई अजून जन्माला आलेली नाही. ओरालिया रंग लावते, घड्याळ लावते, आणि मग गोड आवाजात मागते. चर्चचं नवीन छप्पर असंच मागून झालंय.

त्या वर्षी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, प्रमुखपदाला दोन बायका उभ्या होत्या, आणि दोघी ओरालियाच्याच खुर्चीत बसणाऱ्या. लिओनोर बाल्देरास त्या पदावर आधीपासून होती, ती डेमोक्रॅट. डालिया हेन्स तिला पाडायला निघालेली रिपब्लिकन. ही मूळची गार्सा, एका गोऱ्याशी लग्न करून हेन्स झाली. एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या आणि केसांचा रंग दोघींचा एकच, एकाच डब्यातला.

आधी लिओनोर सापडली.

"लिओनोर, माझ्या नातीच्या किन्सेला माद्रिना होशील?"

"अगं, हे काय विचारणं झालं? कशाची? मुकुटाची?"

"एलिसेओच्या परवानगीची. एका संध्याकाळपुरती."

लिओनोरने दाराकडे बघितलं, मग आरशातल्या स्वतःच्या डोक्याकडे बघितलं. "ओरालिया, काउंटी खड्डे बघते, कचरा बघते. पूल वॉशिंग्टनचा आहे गं."

"मग वॉशिंग्टनला फोन लाव. मतं मागायला येतेस तेव्हा म्हणतेस ना, माझी ओळख वरपर्यंत आहे?"

"लावते. पत्रही लिहिते. होऊन जाईल."

"मग पत्रिकेत छापू? परवानगीची माद्रिना?"

"केक छाप," लिओनोर घाईने म्हणाली. "केकची माद्रिना."

पुढच्या आठवड्यात डालिया बसली. ही भाषणात कुंपण अजून उंच करा म्हणते, आणि हिच्या सख्ख्या दोन मावश्या कुंपणाच्या पलीकडे राहतात. तिथूनच तिला चिंचेच्या गोळ्या येतात. वयाने मोठ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो, तेवढी रीत मात्र ती पाळते.

"दोन्या ओरालिया, मी अशा लोकांना आत घ्यायच्या विरोधात आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर विचारते, पोरी. लिओनोरने एकाला सोडलं तर कोण दखल घेणार? तू एकाला सोडलंस तर बातमी होईल. हेन्सबाई कडक आहे पण तिला काळीज आहे."

डालिया विचारात पडली. टीव्हीवर ते कसं दिसेल हे ती आरशात बघत होती, मला स्पष्ट कळत होतं. "माझी माणसं आहेत वॉशिंग्टनमध्ये," ती शेवटी म्हणाली. "पण पत्रिकेत तसं नको छापायला."

"केक छापते."

ती गेल्यावर मी म्हटलं, "दोघींना केक?"

"खाणारे पुष्कळ आहेत," ओरालिया म्हणाली.

आणि मग पांढरी गाडी आली. या वेळी तिच्यातून हिमेना उतरली. तरुण, चुणचुणीत, काळ्या कपड्यातली, कार्यक्रमाची निर्माती. "मीसुद्धा लॅटिनाच आहे," हे तिने बसायच्या आधी सांगितलं, बसल्यावर सांगितलं, आणि पाणी मागताना सांगितलं. पोरगी वाईट नव्हती. आमच्याशी स्पॅनिश बोलायचा प्रयत्न करायची आणि आम्ही इंग्रजीत उत्तर देऊन तिची सुटका करायचो.

"लॅटिना मतदारांना काय हवंय?" तिने कॅमेरा सुरू करून विचारलं.

"पार्किंग," ओरालिया म्हणाली.

"मोठा प्रश्न विचारते आहे मी. देशाच्या पातळीवर."

"देशाच्या पातळीवर मोठं पार्किंग."

यंत्राखाली बसलेली एकजण म्हणाली, कुंपण हवं, माझा भाऊ सीमेवर शिपाई आहे, त्याची नोकरी टिकायला हवी. शेजारची म्हणाली, तुझ्या भावाची नोकरी टिकावी म्हणून माझ्या मेव्हण्याने नदीत उतरायचं का? पहिली म्हणाली, तुझा मेव्हणा नदीत नाही, बाटलीत उतरतो. मग पोपच्या विषयावर गेल्या, तिथून गर्भपातावर, तिथून कुणाच्या तरी सुनेच्या मटणावर. हिमेनाने कपाळाला हात लावला. "पण तुमचं सगळ्यांचं मिळून म्हणणं काय?"

"बये," मी म्हटलं, "आमचं सगळ्यांचं मिळून म्हणणं असतं तर एवढ्या छोट्या गावात पाच चर्चं असती का?"

तरी ओरालियाने तिला किन्सेला बोलावलं. कारण हिमेनाने सांगितलं होतं, की सगळ्या देशाने ही गोष्ट बघितली तर वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी फोन उचलेल. झालं. दोन माद्रिना होत्या, ही तिसरी. ओरालियाने भिंतीवरच्या मेरीमातेला नवी फुलं घातली आणि मला म्हणाली, "तिघींपैकी एक तरी लागेल की नाही कामाला?" तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला खरं बोलवेना. मी तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. म्हटलं, लागेल.

किन्सेच्या दुपारी चर्च झालं आणि आम्ही हॉलवर आलो. अनाईचा झगा मोरपंखी. एवढा घेर की तिच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. भात शिजवायला दोन्या चायो पहाटेपासून हॉलच्या मागे होती. टेबलावर दोन केक होते. एक तीन मजली, दुसरा, पहिल्याचं कळल्यावर रातोरात वाढवलेला, चार मजली. एकावर डेमोक्रॅटांची निळी फुलं, एकावर रिपब्लिकनांची लाल. दोघी माद्रिना आपापल्या केकमागे, सुरी हातात घेऊन उभ्या.

ओरालिया दोघींच्या मधे जाऊन उभी राहिली. "एलिसेओ कुठे आहे?"

"फाइल पुढे सरकली आहे," लिओनोर म्हणाली.

"निवडणूक होऊ द्या," डालिया म्हणाली. "मग बघा."

"म्हणजे? हिलाही परवानगीचं सांगितलं होतंस?" लिओनोर ओरडली.

"मलाच सांगितलं होतं!" डालिया ओरडली. मग तुझ्यामुळे अडलं की तुझ्यामुळे, हे सुरू झालं. त्या भांडणातून एवढंच कळलं की वॉशिंग्टनला फोन कुणीच लावला नव्हता. लिओनोरच्या ऑफिसातल्या पोरीने फक्त एलिसेओला सकाळी कळवलं होतं, की तयार राहा, काही सांगता येत नाही.

ओरालियाने दोघींच्या हातातल्या सुऱ्या काढून घेतल्या आणि टेबलावर ठेवल्या.  

तेवढ्यात हिमेना आली. तिला म्हणे एक कल्पना सुचली होती. हॉलच्या मधोमध तिने एक रिकामी खुर्ची ठेवायला लावली, वरून दिवा सोडला, आणि वाजंत्रीतल्या अकॉर्डियनवाल्याच्या डोक्यावरची हॅट काढून त्या खुर्चीवर ठेवली. एलिसेओने जन्मात हॅट घातलेली नाही. तो टायर कंपनीची टोपी घालतो.

"अनाई, तू या खुर्चीबरोबर नाचायचं," हिमेना म्हणाली. "बाबांच्या जागी. आणि आजी, तुम्ही इथे उभ्या राहा, तुमच्या चेहऱ्यावर कॅमेरा असेल. मनात येईल ते येऊ द्या."

अनाई गुणी पोर. मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं असं आम्हीच तिला शिकवलं. ती तो तंबू सावरत खुर्चीपर्यंत गेली, हात पुढे केला, आणि मग मान वळवून तिने विचारलं, "आजी, मग मला जोडे कोण घालणार? खुर्ची वाकणार कशी?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

ओरालियाने हॅट उचलली आणि अकॉर्डियनवाल्याच्या डोक्यावर दाबली. "तुझा पासपोर्ट आहे?"

"खिशात आहे."

"मग वाजवत पुढे हो. यादिरा, पोरीचा झगा धर. नेल्डा, माझी पर्स घे, कात्री आहे आत. आणि ते दोन्ही केक उचला रे!"

"कुठे?" लिओनोरने विचारलं.

"पलीकडे. बापाकडे. चला ना, माद्रिना आहात तुम्ही. केक कापायला लागेल कुणीतरी."

दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले. मतदानाला दहा दिवस. पुलावर फोटो निघाला असता तर डालियाच्या माणसांनी लिओनोरला मेक्सिकोची उमेदवार ठरवलं असतं, आणि डालियाला तर तिच्याच माणसांनी फाडून खाल्लं असतं. लिओनोरला एकदम डोकेदुखी सुरू झाली. डालियाला नवऱ्याचा फोन आला, वाजला नव्हता तरी आला. एवढी वर्षं भांडलेल्या दोघी एकाच दाराने, एकमेकींना वाट देत बाहेर पडल्या.

"थांबा, मला परवानगी घ्यावी लागेल!" हिमेना धावत आली. न्यूयॉर्कला फोन लावला. कॅमेऱ्याचा विमा पुलापर्यंतच होता. पलीकडे गेलात तर आम्ही जबाबदार नाही, असं तिकडून सांगितलं. ती हॉलच्या पायरीवर उभी राहिली. मला तिची दया आली, पण माझ्या हातात निळ्या केकचा खालचा मजला होता.

चायोही पायरीवरच थांबली. तीस वर्षं ती इथे भात शिजवते, पण तिच्याकडे एकही कागद नाही. ती पूल उतरली असती तर तिला परतीची वाट नव्हती. तिने पातेल्यातला भात डब्यात भरून माझ्या खांद्याला अडकवला. "एलिसेओला सांग, खाली लागलेला त्याला आवडतो, तो वर ठेवलाय," एवढंच म्हणाली.

तर असे आम्ही निघालो. पुढे अकॉर्डियन, मागे मोरपंखी तंबू, सुटातली पोरं, केक, मावश्या. लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले. पुलाच्या तोंडाशी नाणं टाकून आत जायचं फिरतं फाटक आहे, त्यात अनाईचा झगा अडकला. पोर पुढे जाईना, मागे येईना. झग्याच्या आतल्या तारा वाकल्या. शेवटी पहारेकऱ्याने चाकाच्या खुर्चीसाठी असलेलं बाजूचं दार उघडलं. तो म्हणाला, "दोन्या ओरालिया, माझ्या आईचा रंग शनिवारी आहे, विसरू नका."

पलीकडे उतरलं की जकातीचा दिवा. हिरवा लागला तर जा, लाल लागला तर सामान उघडा. आम्हाला अर्थातच लाल लागला. जकातवाल्याने दोन्ही केकभोवती फेरी मारली. "दोन कशाला?"

"राजकारण आहे," ओरालिया म्हणाली.

"आत काय आहे?"

"आत दोन्हीकडे सारखंच आहे. कापून बघा." त्याने लाल केकचा तुकडा कापून खाल्ला, मग न्याय म्हणून निळ्याचाही खाल्ला, आणि जा म्हणाला.

एलिसेओ तिथेच उभा होता. उसन्या सुटात, हातात जोड्यांचा खोका. सकाळच्या त्या फोनपासून तो पुलाच्या तोंडाशी उभा होता, दुपारी जेवला नव्हता. एवढं सगळं वऱ्हाड उतरून येताना बघून त्याने आधी खोका काखेत मारला. मग त्याने सासूला बघितलं आणि पोरीच्याही आधी तिच्याकडे आला.

"परवानगी आली, दोन्या?"

"आली," ओरालिया म्हणाली. "माझी. मला इकडे यायची." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "हे केस कुणी कापले? तुझ्या वैऱ्याने?"

"इथल्याच न्हाव्याने. किन्सेसाठी."

"बस खाली." तिने त्याला चौकातल्या बाकावर बसवलं, माझ्या हातून कात्री घेतली आणि सगळ्या वऱ्हाडाला उभं ठेवून त्याचे केस सारखे केले. सहा वर्षांत त्याच्याशी एक शब्द न बोललेली बाई, कानामागे आली तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून थांबली. "मी यायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "आधीच. नुसता हट्ट." तो मोठ्याने हसला. तिने त्याला हसू दिलं.

मग ऊन उतरल्यावर त्या चौकात, बूटपॉलिशवाले आणि कणीस विकणाऱ्या बाया बघत असताना, एलिसेओने गुडघ्यावर बसून पोरीला जोडे घातले आणि बापलेक नाचले. त्याला नाचता येत नाही. अनाईने त्याला ओढत नेलं. यादिरा रडली, मी रडले, कणीसवालीही रडली आणि मग तिने कणसाचे पैसे घेतले नाहीत. आयुष्यात मी पुष्कळ किन्से बघितल्या, पण एवढी चांगली एकही नाही.

कार्यक्रम लागला तो आम्ही पार्लरमध्ये बघितला. हिमेनाने रिकामा हॉल दाखवला आणि खर्जातल्या आवाजात कुणीतरी सांगितलं, की लॅटिना मतदार यंदा बाहेर पडलेली नाही. मग पडद्यावर एक बाई आली. खाली नाव होतं, ओरालिया त्रेविन्यो, मतदार. चेहरा चायोचा. हॉलमध्ये तीच एकटी सापडली आणि स्वतःचं नाव सांगायची सोय नव्हती, म्हणून तिने ओरालियाचं ठोकून दिलं होतं. लॅटिनांना काय हवंय, असं विचारल्यावर चायो म्हणाली, "खुर्च्या उचलायला कुणीतरी हवंय. भाषणं करायला सगळे येतात, खुर्च्या माझ्यावर टाकून जातात." ओरालियाने टीव्ही बंद केला. "माझ्या नावावर इतकं शहाणं कुणी बोललं नव्हतं," ती म्हणाली.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. पूल गाठायला आम्ही परत निघालो, एलिसेओ फिरत्या फाटकापर्यंत सोबत आला. तिकडून येतानाही नाणं टाकावं लागतं. आम्ही पर्स उघडल्या तर तो आडवा आला.

"सगळ्या गोष्टींना पाद्रिनो मिळाले," तो म्हणाला. "मला कशाचाच होता आलं नाही. निदान पुलाचा होऊ द्या."

मग फाटकाशी उभा राहून त्याने एकेकाला सोडलं. अकॉर्डियनवाला, सुटातली पोरं, मावश्या, मी. यादिराला सोडलं. अनाईला बाजूच्या दाराने सोडलं, तिथे नाणं लागत नाही, तरी त्याने टाकलं. शेवटी ओरालिया राहिली. एलिसेओ नाणं बोटांत धरून नुसताच उभा.

"टाक की. मागे रांग लागलीय."

"टाकलं की तुम्ही जाणार, दोन्या."

ओरालियाने त्याचा हात धरला आणि नाणं त्याच्याच बोटांनी फटीत ढकललं. "जाऊ दे रे मला," ती म्हणाली. "गेल्याशिवाय रविवारी येऊ कशी?"